शब्दाची बाजू: राजकीय मुलाखती ऐकत शिकलेले इंग्रजी

एका मराठी दैनिकाच्या लातूर कार्यालयात मी गेली सोळा वर्षे उपसंपादक म्हणून काम करते. दिल्लीच्या आणि परदेशांतल्या बातम्या वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत येतात आणि त्या मराठीत आणणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. माझे शिक्षण औसा तालुक्यातल्या मराठी शाळेत झाले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. धडे, व्याकरण आणि शब्दार्थ मी मनापासून पाठ केले होते, आणि बातमी वाचून तिचे मराठी करण्याइतके इंग्रजी आपल्याला येते, असा माझा समज होता. तो समज एका वाक्याने मोडला.

ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीची ती बातमी होती. मुलाखतकाराने मंत्र्यांपुढे काही आकडे ठेवले होते आणि मंत्री उत्तरले होते, 'आय डोन्ट रेकग्नाइज दोज फिगर्स.' मी लिहिले, 'मी हे आकडे ओळखत नाही.' रात्री पान लावणाऱ्या दादांनी विचारले, "ताई, आकडे ओळखायचे म्हणजे मंत्र्यांनी काय करायचे?" साडेअकरा वाजले होते, पान सोडायची घाई होती. "मूळ वाक्यच तसे आहे दादा," असे मी म्हणाले आणि पान गेले. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादक सरांनी त्या ओळीखाली पेनने रेघ ओढून अंक माझ्यासमोर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला: मंत्र्यांनी आकडे मान्य केले की नाकारले? मला उत्तर देता आले नाही.

शब्दकोशात ओळखणे, मान्यता देणे, दखल घेणे हे सगळे अर्थ होते. त्या वाक्यात मंत्र्यांनी नेमके काय केले, हे मात्र कोशात नव्हते. पुढे अशी अनेक उत्तरे ऐकल्यावर ते उलगडले. आकडे खोटे आहेत असे म्हटले, तर पुढचा प्रश्न 'मग खरे आकडे कोणते?' असा येतो, आणि मान्य केले तर मथळा होतो. 'रेकग्नाइज' हा शब्द या दोन्हींच्या मधून वाट काढतो: हे आकडे कुठून आले ते मला ठाऊक नाही, माझ्या कागदपत्रांत ते नाहीत, त्यामुळे त्यांवर बोलण्याचे बंधन माझ्यावर नाही. आपल्याकडच्या 'हे आकडे आम्हाला मान्य नाहीत' या वाक्याच्या ते जवळ आहे, पण त्याहून अधिक सावध आहे. आज तीच बातमी आली तर मी 'या आकड्यांना दुजोरा देण्यास मंत्र्यांनी नकार दिला' असे लिहीन.

त्या महिन्यापासून मी राजकीय मुलाखती नेमाने ऐकू लागले. 'बीबीसी रेडिओ ४' वरच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास त्या दिवसाची मुख्य राजकीय मुलाखत असते. तिथले ८.१० म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १२.४० आणि हिवाळ्यात १.४०. माझी पाळी चार वाजता सुरू होते, त्यामुळे स्वयंपाकघर आवरून मोबाइल ओट्यावर उभा करून मी ती मुलाखत ऐकत असे. अमेरिकेच्या मुलाखती मी वाचतही असे, कारण १९४७ पासून चालत आलेला 'मीट द प्रेस' आणि १९५४ साली सुरू झालेला 'फेस द नेशन' या दोन्ही कार्यक्रमांच्या संभाषणांचे शब्दशः उतारे प्रसिद्ध होतात. पीबीएस या तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या 'न्यूजअवर'चेही होतात. आधी कागद हाती न घेता ऐकायचे, मग उतारा समोर ठेवून पुन्हा ऐकायचे आणि अडलेली वाक्ये दोनशे पानी वहीत उतरवायची, अशी माझी रीत ठरली. वहीत सुरुवातीला दोनच रकाने होते: शब्द, आणि तो कोणी कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात वापरला. तिसरा रकाना नंतर आला, त्याविषयी पुढे लिहिते.

बातम्या ऐकून इंग्रजी सुधारा, हा सल्ला आपण सर्वांनीच ऐकला आहे. वाचून दाखवलेल्या बातमीतून माझ्या फारसे काही हाती लागले नाही; शब्द येतो आणि निघून जातो. मुलाखतीत मात्र एकच गोष्ट दोन माणसे वेगवेगळ्या शब्दांत, एकमेकांशी ओढाताण करत मांडतात. त्यातही ज्याने आपला 'मेसेज' आधीच ठरवून आणला आहे, तो आपले शब्द सोडत नाही. पक्षाने ठरवून दिलेल्या शब्दांना धरून राहण्याला तिकडे 'मेसेज डिसिप्लिन' म्हणतात, आणि ठरवून दिलेल्या मुद्द्यांना 'टॉकिंग पॉइंट्स'. ऐकणारे नागरिक अशा उत्तरांनी वैतागतात आणि त्यांचे वैतागणे रास्त आहे. परंतु शिकणाऱ्याच्या कानावर तोच शब्द, त्याच क्रियापदाबरोबर आणि त्याच शब्दयोगी अव्ययाबरोबर पाच-सहा वेळा पडतो.

याचे मला सापडलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण जून २०११ मधले आहे. निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर ब्रिटनमधले शिक्षक आणि इतर सरकारी कर्मचारी संपावर गेले होते, आणि मजूर पक्षाचे तत्कालीन नेते एड मिलिबँड यांनी दूरचित्रवाणीला एक छोटी मुलाखत दिली. वार्ताहराने निरनिराळे प्रश्न विचारले. मिलिबँड यांनी प्रत्येक वेळी जवळजवळ शब्दशः तेच उत्तर दिले. वाटाघाटी चालू असताना हे संप चुकीचे आहेत, सरकार 'रेकलेस अँड प्रोव्होकेटिव्ह', म्हणजे बेपर्वा आणि चिथावणीखोर, पद्धतीने वागले आहे, दोन्ही बाजूंनी पालकांना आणि जनतेला 'लेट डाउन' केले आहे, आता 'रेटरिक', म्हणजे भाषणबाजी, बाजूला ठेवून वाटाघाटींच्या टेबलाशी बसावे. ती चित्रफीत काटछाट न होता प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. असे का केले जाते, याचे कारण साधे आहे. संध्याकाळच्या बातमीत त्या मुलाखतीतले दहा-पंधरा सेकंदच दाखवले जाणार असतात. कोणते सेकंद निवडायचे ते वाहिनी ठरवते. म्हणून बोलणारा प्रत्येक तुकड्यात तेच वाक्य भरून ठेवतो. त्या तुकड्याला 'साउंड बाइट' म्हणतात. आपल्याकडचे वाहिन्यांचे वार्ताहर 'साहेबांचा बाइट घेतला' असे रोज म्हणतात, तो शब्द हाच, आणि 'घास' हा त्याचा मूळ अर्थ त्यात अजून शाबूत आहे.

ती चित्रफीत मी चार वेळा ऐकली. 'लेट डाउन' हे जोडक्रियापद मला शाळेपासून 'निराश करणे' एवढेच माहीत होते. चार वेळा ऐकल्यावर लक्षात आले की, ज्याच्यावर विसंबलो त्याने ऐन वेळी हात सोडला, असे काहीसे त्यात आहे. म्हणून ते शत्रूविषयी सहसा वापरले जात नाही, आपल्या माणसाविषयी, सरकारविषयी, शाळेविषयी वापरले जाते. मराठीत 'तोंडघशी पाडणे' जवळचे वाटते, पण त्यात फजिती अधिक आहे आणि विश्वासभंग कमी. 'वाऱ्यावर सोडणे' हा वाक्प्रचार मला त्या प्रसंगासाठी अधिक योग्य वाटला आणि तोच मी वहीत लिहिला.

शब्दांच्या सीमा किती बारकाईने आखलेल्या असतात, हे मात्र मला एका जुन्या मुलाखतीने शिकवले. १३ मे १९९७ रोजी बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी मायकल हॉवर्ड यांची मुलाखत घेतली. हॉवर्ड आधीच्या हुजूर पक्षाच्या सरकारात गृहमंत्री होते आणि आता पक्षाच्या नेतेपदाचे उमेदवार होते. जानेवारी १९९५ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या पार्कहर्स्ट तुरुंगातून तीन कैदी पळाले होते. त्या तुरुंगाच्या अधीक्षकाला निलंबित करावे की नाही, यावरून गृहमंत्री आणि तुरुंग सेवेचे प्रमुख डेरेक लुईस यांच्यात मतभेद झाले होते. पॅक्समन यांचा प्रश्न असा होता: 'डिड यू थ्रेटन टू ओव्हररूल हिम?' हाच प्रश्न त्यांनी डझनभर वेळा विचारला. पुढचा भाग प्रक्षेपणासाठी तयार नसल्याने वेळ काढावा लागला, असे त्यांनी नंतर सांगितले. तरीही ती मुलाखत ब्रिटिश पत्रकारितेत आजतागायत उदाहरण म्हणून दाखवली जाते.

शिकणाऱ्याने तिथे प्रश्नापेक्षा उत्तरांकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. हॉवर्ड म्हणतात, लुईस यांना 'इन्स्ट्रक्ट' करण्यास मी 'एन्टायटल्ड' नव्हतो आणि मी त्यांना 'इन्स्ट्रक्ट' केले नाही. ते म्हणतात, मी त्यांना 'ओव्हररूल' केले नाही. माझे मत मी ठामपणे मांडले, असेही म्हणतात. यातले प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरे असू शकते. 'इन्स्ट्रक्ट' म्हणजे आदेश देणे, 'ओव्हररूल' म्हणजे दुसऱ्याने घेतलेला निर्णय आपल्या अधिकारात फिरवणे, आणि 'थ्रेटन टू ओव्हररूल' म्हणजे तो फिरवण्याची धमकी देणे. प्रश्न तिसऱ्या क्रियेविषयी आहे आणि उत्तरे पहिल्या दोन क्रियांविषयी आहेत. हे तीन शब्द मी पूर्वी कोशात पाहिले असते तर 'हुकूम देणे, रद्द करणे, धमकावणे' असे अर्थ पाठ केले असते आणि त्यांच्यातला जिना मला कधीच दिसला नसता. त्या एका मुलाखतीने मला 'एन्टायटल्ड' हा शब्दही दिला: इच्छा नव्हती असे नाही, अधिकार नव्हता. पुढे अमेरिकेच्या बातम्यांत 'एन्टायटलमेंट' हा शब्द भेटला तेव्हा त्याचे दोन चेहरे ओळखता आले. कायद्याने मिळणारा हक्काचा लाभ हा एक, आणि 'आपल्याला सगळे मिळालेच पाहिजे' ही वृत्ती हा दुसरा. निवृत्तिवेतनासारख्या योजनांवरचा खर्च कमी करावा असे ज्यांना वाटते, त्यांना या दुसऱ्या चेहऱ्याची सावली पहिल्यावर पडलेली चालते.

मराठीत बातमी लिहिताना वर्षानुवर्षे चुकत आलेले आणखी एक वाक्य म्हणजे 'वुई हॅव नो प्लॅन्स टू'. मी त्याचे 'आमची अशी कोणतीही योजना नाही' असे करत असे आणि वाचकाला तो नकार वाटत असे. २०१० च्या निवडणुकीआधी हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी मूल्यवर्धित कर वाढवण्याचे आपले 'प्लॅन्स' नाहीत असे सांगितले होते. जून २०१० च्या अर्थसंकल्पात त्यांच्या सरकारने तो कर १७.५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली आणि ४ जानेवारी २०११ पासून ती अमलात आली. वाक्य वर्तमानकाळात होते आणि वर्तमानकाळापलीकडचे त्याने काही वचन दिलेच नव्हते. म्हणून अनुभवी मुलाखतकार लगेच विचारतो, 'सो आर यू रूलिंग इट आउट?' म्हणजे ही शक्यता तुम्ही कायमची बाद करता का? त्यावर 'आय ॲम नॉट गोइंग टू रूल एनीथिंग इन ऑर आउट' असे उत्तर आले की, काय समजायचे ते समजते. आपल्या मंत्रालयाच्या मराठीत याला चोख प्रतिशब्द आहे: 'तूर्तास असा कोणताही प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही.' त्यातला 'तूर्तास' आपल्या कानांना बरोबर ऐकू येतो, कारण तो आपण लहानपणापासून ऐकला आहे. इंग्रजी वाक्यातला 'तूर्तास' ऐकू येण्यासाठी मला शेकडो मुलाखती ऐकाव्या लागल्या.

कधी एखादा शब्द अगदी घरचा निघतो. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींविषयी सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी आपले सरकार 'रनिंग कॉमेंटरी' देणार नाही असे संसदेत सांगितले, आणि पुढे कित्येक महिने त्यांचे मंत्री प्रत्येक मुलाखतीत तोच शब्द वापरत राहिले. 'धावते समालोचन' हा शब्द आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे समालोचन ऐकलेल्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. माझे वडील त्याच पिढीचे. चेंडू टाकला, अडवला, धाव निघाली, हे तिथल्या तिथे सांगणे. ते आम्ही करणार नाही, डाव संपल्यावर धावफलक पाहा, असे मे सांगत होत्या. ही प्रतिमा लक्षात आल्यावर त्या बातमीचे मराठी करताना माझा हात अडखळला नाही.

आता तिसऱ्या रकान्याविषयी. १ एप्रिल २०१३ रोजी ब्रिटनमध्ये एक नियम लागू झाला. नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या घरात भाड्याने राहणाऱ्या आणि सरकारी घरभाडे साहाय्य घेणाऱ्या, काम करण्याच्या वयाच्या कुटुंबाकडे गरजेपेक्षा एक खोली जास्त असेल तर त्याच्या घरभाड्याच्या हिशेबातून १४ टक्के आणि दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर २५ टक्के वजा करायचे, असा तो नियम. सरकार त्याला 'रिमूव्हल ऑफ द स्पेअर रूम सबसिडी' म्हणत असे, म्हणजे रिकाम्या खोलीवरचे अनुदान काढून घेणे. विरोधक त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हणत. नियम एक, कुटुंब एक, वजा होणारे पौंडही तेवढेच. पहिल्या नावात त्या कुटुंबाला आजवर काहीतरी जादा मिळत होते आणि आता ते थांबले. दुसऱ्या नावात सरकारने त्यांच्या झोपायच्या खोलीवर कर बसवला. तांत्रिकदृष्ट्या तो कर नव्हता. पण अनुदान असे काही वेगळे कागदावर होते, असेही नाही. त्या काळातल्या मुलाखती ऐकताना दिसते की, पाहुणा कोणत्या पक्षाचा आहे हे त्याच्या पहिल्या वाक्यातल्या नावावरून कळते. मुलाखतकाराची मात्र अडचण होते. तो 'ज्याला विरोधक बेडरूम टॅक्स म्हणतात' अशी लांबची वाट घेतो. त्या दिवशी मी वहीच्या उरलेल्या समासात पट्टीने तिसरी रेघ ओढली आणि वर लिहिले, 'समोरचा याला काय म्हणतो?'

एकदा हा रकाना आखल्यावर जुन्या नोंदीही त्यात येऊन बसू लागल्या. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ साली स्कॉटलंडमध्ये आणि १९९० साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जो माणशी कर आणला, त्याचे कायद्यातले नाव 'कम्युनिटी चार्ज' होते. लोकांनी त्याला 'पोल टॅक्स' म्हटले आणि इतिहासात तेच नाव राहिले. 'पोल' या शब्दाचा जुना अर्थ डोके. डोकी मोजायची म्हणून माणशी कर तो 'पोल टॅक्स', आणि डोकी मोजूनच निवडायचे म्हणून मतदान तेही 'पोल'. १३८१ साली इंग्लंडमधले शेतकरी ज्या करामुळे उठले तोही 'पोल टॅक्स'च, त्यामुळे सहाशे वर्षांनंतर ते नाव पुन्हा उच्चारले गेले तेव्हा त्याच्याबरोबर ती आठवणही आली. अशा शब्दाशी 'कम्युनिटी चार्ज' सारख्या कोऱ्या नावाचा टिकाव लागणे कठीण होते.

अमेरिकेत हे काम अधिक उघडपणे चालते आणि ते करणारे लोक त्याविषयी मुलाखतीही देतात. रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लंट्झ यांची पीबीएसच्या 'फ्रंटलाइन' कार्यक्रमाने २००४ साली प्रसिद्ध केलेली मुलाखत मी शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगते. मोठ्या वारसासंपत्तीवरच्या कराला 'इस्टेट टॅक्स' न म्हणता 'डेथ टॅक्स' म्हणावे, 'ड्रिलिंग फॉर ऑइल' ऐवजी 'एक्स्प्लोअरिंग फॉर एनर्जी' म्हणावे, 'ग्लोबल वॉर्मिंग' पेक्षा 'क्लायमेट चेंज' हा शब्द कमी भीतिदायक आहे, हे त्यांचे प्रसिद्ध सल्ले. 'इस्टेट' म्हटले की डोळ्यांसमोर श्रीमंताची मालमत्ता येते, आणि मरण तर प्रत्येकाला आहे. एका शब्दाच्या बदलाने मूठभर लोकांचा कर सगळ्यांचा झाला. लंट्झ यांचा उद्देश मला पटत नाही. पण शब्दाचे वजन ते ज्या काळजीने तोलतात, ती काळजी भाषांतर करणाऱ्याने शिकण्यासारखी आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगते.

त्यांच्या विरुद्ध बाजूला बर्कलीचे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आहेत. त्यांच्या मुलाखतींत एक उदाहरण वारंवार येते: 'टॅक्स रिलीफ'. 'रिलीफ' म्हटले की आधी पीडा आली, पीडा भोगणारा आला आणि ती दूर करणारा सोडवणाराही आला. म्हणजे हा शब्द उच्चारताच कर ही पीडा आहे हे मान्य झाले, मग तुम्ही कराच्या बाजूने बोला किंवा विरोधात. हे वाचले त्या संध्याकाळी मी कामावर गेले तेव्हा माझ्यासमोरच्या पानावर माझ्याच हातचा मथळा होता: 'करदात्यांना दिलासा'. दर वर्षी फेब्रुवारीत आम्ही तो लिहितो. सर्वच मराठी वृत्तपत्रे लिहितात. 'दिलासा' शब्द तीन अक्षरी आहे, जागेत बसतो, कानाला गोड लागतो, आणि तो कधी कोणाची बाजू घेत असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

तेव्हापासून वहीचा तिसरा रकाना मराठीतही भरू लागला आहे. वीज तासन्‌तास बंद ठेवायची आणि तिला 'भारनियमन' म्हणायचे. गावात मात्र 'लाइट गेली' असेच म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, त्या काळातले माझे कात्रण काढून पाहिले तर सरकारी कागदांतून उचललेले 'टंचाईसदृश परिस्थिती' हे शब्द माझ्या बातम्यांत जसेच्या तसे आहेत. माझ्या घरी तेव्हा आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हते. ते पाणी भरून येऊन मी 'सदृश' लिहिले, याचे मला आज वाईट वाटते.

क्रियापदांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणाबाबत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८७ च्या आपल्या वार्षिक भाषणात 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असे म्हटले. चुका कोणी केल्या, हे त्या वाक्यात नाही, आणि म्हणूनच इंग्रजी मुलाखतकार असे वाक्य ऐकले की 'बाय हूम?' असे विचारतो. इंग्रजीत कर्ता लपवायला प्रयोग बदलावा लागतो, त्यामुळे लपवणे दिसते. मराठीत 'चूक झाली' हे इतके सहज वाक्य आहे की कर्ता नाही हे जाणवतही नाही. मूल हातातला पेला फोडते तेव्हाही आपण 'फुटला' असेच म्हणतो. मी पूर्वी अशा विधानाचे 'आमच्याकडून गंभीर चुका झाल्या' असे करत असे आणि बोलणाऱ्याने न दिलेली कबुली त्याच्या तोंडी घालत असे. 'गंभीर चुका झाल्या' एवढेच बरोबर. मग बातमीच्या पुढच्याच वाक्यात, त्या कोणाकडून झाल्या हे त्यांनी सांगितले नाही, असे लिहावे.

'यू-टर्न' साठी आपला 'घूमजाव', आणि जुने विधान हळूच सैल करण्याच्या 'वॉक बॅक' साठी 'सारवासारव' हे शब्द मी निःशंकपणे वापरते. 'सारवासारव' तर मूळ शब्दापेक्षा सरस आहे, कारण शेणाने सारवलेल्या जमिनीखालची भेग त्यात दिसते. या मुलाखतींत भेटणाऱ्या शब्दांविषयी एक सावधगिरी मात्र हवी. ब्रिटनमध्ये ठराव 'टेबल' करणे म्हणजे चर्चेसाठी मांडणे, आणि अमेरिकेत तेच म्हणजे चर्चा लांबणीवर टाकणे. 'स्कीम' हा शब्द आपण आणि ब्रिटिश लोक सरकारी योजनेसाठी साधेपणाने वापरतो, अमेरिकन कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो. म्हणून नोंदीशेजारी देशही लिहावा. ही पद्धत एकटी पुरत नाही, हेही खरे आहे; घरगुती बोलण्यातले, आजारपणातले, बाजारातले इंग्रजी तिच्यातून येत नाही, त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी, शनिवारी, केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला. नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागणार नाही, ही त्या दिवसाची मोठी बातमी होती. आमच्याकडे नव्याने आलेल्या शिकाऊ उपसंपादक मुलीने मथळा दिला, 'मध्यमवर्गाला मोठा दिलासा'. मी तिला माझी वही दाखवली आणि विचारले, यात नेमके काय घडले ते कुठे आहे? तिने थोडा वेळ विचार केला, खोडले आणि लिहिले, '१२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही'. 'नव्या करप्रणालीत' हे शब्द उपमथळ्यात घ्या, नाहीतर जुन्या प्रणालीतला वाचक फसेल, असे वृत्तसंपादक सर म्हणाले, आणि ते आम्ही घेतले.

पान लावणारे दादा तेच, तीच खुर्ची, तीच साडेअकराची वेळ. त्यांनी नवा मथळा चार कॉलमांत बसवला आणि विचारले, "दिलासा काढला का ताई?"

"काढला," मी म्हणाले.

"मग खाली तिसऱ्या परिच्छेदात अजून एक राहिला आहे," ते म्हणाले आणि कर्सर त्या ओळीवर नेऊन थांबले.